हायस्कूलमधील मुलांना शिक्षकी पेशाकडे वळवायचे असेल तर शाळेने काय करावे?

तुमचा प्रश्न मला असा समजला: तुम्ही गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका अनुदानित हायस्कूलमध्ये दहावीचे वर्गशिक्षक आहात, गेल्या शिक्षक दिनाला तुम्ही वर्गात ‘तुमच्यापैकी शिक्षक कोणाला व्हायचे आहे?’ असे विचारले आणि एकही हात वर झाला नाही. चांगल्या मुलांना या पेशाकडे वळवण्यासाठी शाळेला काय करता येईल, आणि नोकरीची शाश्वती नसताना तसे करणे प्रामाणिकपणाचे ठरेल का, असे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी फोंडा तालुक्यातील एका हायस्कूलमध्ये गणित शिकवत असे आणि निवृत्त होण्यापूर्वी तिथेच मुख्याध्यापिका होते. माझे उत्तर त्या कामातून आलेले आहे.

हात वर झाला नाही, याचे फारसे मनाला लावून घेऊ नका. पंधरा वर्षांच्या मुलाने भर वर्गात, तेही शिक्षकासमोर, ‘मला शिक्षक व्हायचे आहे’ म्हणणे म्हणजे पुढचे दोन महिने मित्रांकडून ‘सरांना मस्का मारतो’ हे ऐकून घेणे. हा प्रश्न चारचौघांत विचारण्याचा नव्हेच. मात्र एकेकट्याला विचारले तरी फार वेगळे उत्तर मिळेल असे नाही, आणि त्याचे कारण मुलांना हा पेशा हलका वाटतो एवढेच नसते. आपल्याला या पेशाची सगळी माहिती आहे अशी त्यांची खात्री असते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. डॉक्टर दिवसभर काय करतो हे मुलाने पाहिलेले नसते, म्हणून त्याला कुतूहल असते. शिक्षकाला मात्र तो पहिलीपासून रोज पाहत आला आहे. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्येच यावर बोट ठेवले होते: विद्यार्थी हजारो तास शिक्षकाचे निरीक्षण करतो, पण ते बाकावरून केलेले असते, त्यामुळे शिक्षक काय करतो हे त्याला दिसते आणि का करतो हे दिसत नाही. फळ्यावरचे उदाहरण दिसते; तेच उदाहरण का निवडले, कोणत्या मुलाकडे पाहून मध्येच बदलले, कालच्या वह्या तपासताना काय लक्षात आले होते, हे दिसत नाही. उरते ते काम कोणालाही कंटाळवाणेच वाटेल.

म्हणूनच ‘गुरुर्ब्रह्मा’चा श्लोक म्हणून, राष्ट्रनिर्मितीची भाषणे देऊन किंवा सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालून हे साधत नाही. त्या गोष्टी कराव्यात, त्यांचे स्थान आहे. पण त्यांमुळे मुलांच्या मनात पेशाविषयी आदर वाढतो आणि ओढ वाढत नाही. आदर आणि ओढ एकमेकांच्या आड येऊ शकतात, हे आपण शिक्षक सहसा लक्षात घेत नाही. ज्याला आपण पवित्र म्हणून उंच ठेवतो, ते करायला सामान्य मुलगा पुढे येत नाही.

मला जे उपयोगी पडलेले दिसले ते एकच: मुलांना खरोखर शिकवायला द्यावे आणि शिकवून झाल्यावर त्यांच्याशी त्याविषयी गंभीरपणे बोलावे. शिक्षक दिनाला आपल्याकडे दहावीच्या मुली आईची साडी नेसून आणि मुलगे मोठ्या भावाचा शर्ट घालून पाचवी-सहावीवर तास घेतात, तो प्रकार मी यात धरत नाही. तो दिवस गंमतीचा आहे आणि तसाच राहू द्यावा. त्यात मुले आपल्या शिक्षकांची नक्कल करतात, वर्ग शांत ठेवणे म्हणजेच शिकवणे अशी समजूत घेऊन बाहेर पडतात आणि चहा-समोशावर कार्यक्रम संपतो.

गोव्यात एक सोय अशी आहे की बहुतेक हायस्कूलांच्या चालत जाण्याच्या अंतरावर एखादी सरकारी प्राथमिक शाळा असते. मुक्तीनंतर १९६३ मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचे सरकार आले आणि त्याने गावोगावी, वाड्यावाड्यांवर मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. सुरुवातीच्या काळात त्यांतील कितीतरी मास्तर शेजारच्या कोकणातून येत असत. त्या शाळांपैकी ज्या अजून चालू आहेत, त्यांत आज पट कमी आणि शिक्षकही मोजकेच आहेत. नववीच्या मुलांनी आठवड्यातून एक तास तिथे जाऊन, तिसरी-चौथीच्या प्रत्येकी एका मुलाबरोबर बसून वाचन किंवा गणित करावे, अशी व्यवस्था आम्ही केली होती. एकास एक, संपूर्ण वर्गावर नव्हे. वर्ग सांभाळणे हे वेगळे कौशल्य आहे आणि चौदा वर्षांच्या मुलावर ते आधीच लादले तर तो फक्त आवाज चढवायला शिकतो.

आता यातले मर्म सांगते, कारण नुसते ‘लहान मुलांना शिकवायला पाठवले’ एवढ्याने काही घडत नाही. आमच्या एका विद्यार्थिनीने पहिल्याच तासानंतर येऊन निर्वाळा दिला की, तिच्याकडे आलेल्या चौथीतल्या मुलीला वजाबाकी मुळीच येत नाही. मी तिला त्या मुलीची वही आणायला सांगितले. वहीत अशी उत्तरे होती: ५२ वजा २७ बरोबर ३५, ६३ वजा २८ बरोबर ४५, ७१ वजा ४६ बरोबर ३५, आणि मध्येच ६८ वजा २५ बरोबर ४३, हे मात्र अचूक. मी तिला सांगितले, ‘चूक-बरोबरच्या खुणा करू नकोस, ही मुलगी काय करते आहे तेवढे शोधून काढ.’ दोन दिवसांनी ती सांगत आली. ती लहान मुलगी प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होती, मग मोठा अंक वर असो की खाली. एककात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ती ७ मधून २ घालवत होती. म्हणजे तिला वजाबाकी येत नव्हती असे नाही. तिच्याकडे एक नियम होता, तो ती चोख पाळत होती आणि हातचा घेण्याची गरज नसेल तिथे तो नियम बरोबर उत्तरही देत होता. हा नियम तिला मिळाला कुठून? ‘नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचे’ हे वाक्य दुसरीत आपणच तर शिकवतो.

पुढचा भाग अधिक अवघड होता. नियम चुकीचा आहे हे सांगून भागत नाही, कारण मूल तुमच्यासमोर मान डोलावते आणि घरी जाऊन पुन्हा तेच करते. मग आमच्या विद्यार्थिनीने दहा रुपयांच्या पाच खेळातल्या नोटा आणि रुपयाची दोन नाणी मांडली, आणि ‘यांतून मला सत्तावीस रुपये दे’ असे म्हटले. लहान मुलीने दोन नोटा दिल्या, सुट्ट्यांकडे पाहिले, थांबली आणि तिनेच विचारले, ‘ही दहाची मोडून देणार?’ तो प्रश्न त्या मुलीकडून आला तेव्हा आमची विद्यार्थिनी हरखून गेली. शिकवणे म्हणजे काय असते हे तिला मी वर्षभर सांगून कळले नसते. विषयाचे ज्ञान आणि तो विषय दुसऱ्याला कळावा यासाठी लागणारे ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विचार ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडला आणि आज तो शिक्षणशास्त्राच्या बहुतेक अभ्यासक्रमांत असतो. बी.एड.ला येणाऱ्या पदवीधरांना तो व्याख्यानातून समजावा लागतो. नववीतल्या मुलीला तो एका वहीतून समजला.

म्हणून मुलांना पाठवण्याइतकाच त्यानंतरचा अर्धा तास महत्त्वाचा आहे. प्रत्येकाने आपल्याकडच्या मुलाची एक चूक आणावी आणि सर्वांनी मिळून त्या चुकीमागचा विचार शोधावा, एवढेच त्या बैठकीत करावे. मराठी वाचनातही हेच चालते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ अडखळणारा मुलगा, जोडाक्षराचा आधीचा भाग गिळून टाकणारा मुलगा आणि चित्र पाहून वाक्य मनाने रचणारा मुलगा हे तिघेही ‘वाचता येत नाही’ या एकाच शेऱ्याखाली येतात. त्यांच्यासाठी करायच्या गोष्टी मात्र तीन वेगवेगळ्या आहेत. घरी कोकणी बोलणारे आणि शाळेत मराठी वाचणारे मूल कुठे अडखळते, हे तर आपल्या गोव्यातल्या मुलांना बाहेरच्या कोणत्याही प्रशिक्षकापेक्षा लवकर उमगते, कारण ते स्वतः त्याच वाटेने आलेले असतात. ज्या मुलाला हे शोधण्यात गोडी वाटते, त्याला वेगळे प्रोत्साहन द्यावे लागत नाही. ज्याला वाटत नाही, त्याला हा पेशा आपला नव्हे हे वेळेत कळते, आणि तेही काही कमी महत्त्वाचे नाही.

असे काही फक्त आपल्यालाच सुचले आहे असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील साऊथ कॅरोलायना राज्यात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ‘टीचर कॅडेट’ नावाचा अभ्यासक्रम हायस्कूलच्या शेवटच्या दोन इयत्तांतील मुलांसाठी चालतो. त्यात मुले वर्गांचे निरीक्षण करतात आणि लहान मुलांना शिकवतातही. तिथे त्याला श्रेयांक आणि अभ्यासक्रम आहे. आपल्याकडे मुख्याध्यापकांची इच्छा आणि भागशिक्षणाधिकाऱ्यांचे परवानगीपत्र यांवर काम भागवावे लागते. प्राथमिक शाळेला यात रस असतोच. ‘निपुण भारत’ या २०२१ च्या अभियानाखाली तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावे आणि अंकज्ञान व्हावे, ही जबाबदारी तिच्यावर आहे, आणि चार वर्ग एकत्र घेऊन बसलेल्या शिक्षिकेला आठवड्याचा एक तास कोणी प्रत्येक मुलाजवळ बसणारे मिळाले तर ती नाही म्हणत नाही.

काही पथ्ये मात्र कसोशीने पाळा. प्राथमिक शाळेची शिक्षिका त्या वेळी खोलीतच असली पाहिजे. ती कार्यालयात माहिती भरायला गेली आणि नववीची मुले वर्ग सांभाळत बसली, असे एकदा झाले की ते नेहमीचे होते, आणि मग आपण शिक्षक घडवत नसून फुकटचे बदली शिक्षक पुरवत असतो. पालकांची लेखी संमती दोन्ही बाजूंनी घ्यावी. दहावी आणि बारावीची मुले यात घेऊ नयेत; मंडळाच्या परीक्षेचे वर्ष आले की पालकांचा धीर सुटतो आणि त्यांचे चुकतेच असेही नाही. नववी आणि अकरावी हीच योग्य वर्षे.

मुले निवडताना गुणपत्रिका पाहून वरून पाच नावे काढू नका. ज्याला गणित झटकन येते त्याला दुसऱ्याला ते का येत नाही याचा पत्ताच नसतो. उलट सहावीत अपूर्णांकांत अडकलेला आणि आठवीत त्यातून सुटलेला मुलगा आपण कुठे अडकलो होतो ते विसरलेला नसतो. याचा अर्थ विषयात कच्चे असले तरी चालते असा कोणी घेऊ नये. ‘काही जमले नाही तर डी.एड. कर’ हा सल्ला आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो आणि त्याची फळे शाळांनी भोगली. तसेच फक्त मुलींची यादी करू नका. ‘घर सांभाळून करता येते’ म्हणून मुलीला इकडे ढकलायचे आणि ‘एवढ्या पगारात घर कसे चालणार’ म्हणून मुलाला इथून परत फिरवायचे, ही आपल्याकडची रीत दोघांवरही अन्याय करणारी आहे. माझ्या पाहण्यातले लहान मुलांना उत्तम शिकवणारे काही जण मुलगे होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना घरून नकार मिळाला.

आता प्रामाणिकपणाचा प्रश्न. मुलांना खरी परिस्थिती सांगितली तर ती पळून जातील, ही भीती मला पटत नाही. अर्धवट सांगितले तरच ती पुढे फसवली गेल्यासारखी होतात. सांगायचे ते हे. कायम पदावर असलेल्या शिक्षकाचा पगार आता तुच्छ म्हणण्यासारखा नाही: केंद्रीय विद्यालयात सातव्या वेतन आयोगानुसार प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून, पदवीधर शिक्षकाचे ४४,९०० पासून आणि पदव्युत्तर शिक्षकाचे ४७,६०० पासून सुरू होते, त्यावर भत्ते वेगळे, राज्यात श्रेणी वेगळी असली तरी आयोग तोच आहे, आणि अनुदानित शाळेतील कायम शिक्षकाचे वेतन सरकारी अनुदानातूनच येते. अडचण पगाराची नसून त्या पदापर्यंत पोहोचण्याची आहे. बी.एड. झालेली तरुण मंडळी कंत्राटी पदावर किंवा तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे काढतात, मे महिन्याच्या सुट्टीत त्यांना उत्पन्न नसते आणि दर वर्षी पुन्हा अर्ज करावा लागतो. हे मुलांना आणि त्यांच्या पालकांना आधी सांगा.

मागणी कुठे आहे हेही सांगा. १९९० मध्ये प्राथमिक शाळांचे अनुदान स्थानिक भाषांपुरते ठेवले गेले, २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही खुले झाले. त्या वादात मी इथे शिरत नाही, पण मराठी आणि कोकणी सरकारी प्राथमिक शाळांचा पट उतरत गेला आहे आणि तिथल्या जागा वाढण्याची चिन्हे नाहीत. गणित आणि विज्ञान नीट शिकवणारा माणूस मात्र हायस्कूलला आजही शोधावा लागतो. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या शिक्षकांचे तर विचारूच नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, अशी मुले सर्वसाधारण शाळेत येऊ लागली, पण त्यांना शिकवू शकणारे फार थोडे आहेत. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला वेगळा अभ्यासक्रम आणि तिची नोंदणी लागते, हे बारावीच्या किती मुलांना ठाऊक असते?

मार्गांची माहिती तर आपल्या शाळांतून जवळजवळ मिळतच नाही. बारावीला किमान ५० टक्के असतील तर आल्त पर्वरीच्या डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, दोन वर्षांचे डी.एल.एड. (पूर्वीचे डी.एड.) करून पहिली ते पाचवीसाठी पात्र होता येते. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्राथमिकसाठी बी.एड. चालत नाही, तिथे डी.एल.एड.सारखे प्राथमिकसाठीचेच प्रशिक्षण लागते, पदवी आणि बी.एड. करून प्राथमिकच्या जागेची वाट पाहणाऱ्या कितीतरी जणांना याचा फटका बसला. हायस्कूलसाठी पदवीनंतर दोन वर्षांचे बी.एड. आहे, पणजीत आल्तिनोवरील निर्मला इन्स्टिट्यूट आणि फोंड्यात दादा वैद्य यांच्या नावाचे महाविद्यालय ही आपल्याकडची जुनी ठिकाणे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा रोख बारावीनंतरच्या चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.कडे आहे, २०३० पर्यंत तीच किमान पात्रता व्हावी असे ते म्हणते, आणि त्या अभ्यासक्रमासाठी एनसीईटी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा असते. आज नववीत असलेल्या मुलासमोर मुख्यतः हाच मार्ग असणार, म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत थांबून माहिती देण्यात अर्थ नाही. पहिली ते आठवीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, अटळ आहे. सीटेट या तिच्या केंद्रीय परीक्षेत दीडशेपैकी नव्वद गुण लागतात आणि २०२१ पासून प्रमाणपत्र कायमचे झाले आहे. हायर सेकंडरीसाठी पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. हवे, महाविद्यालयासाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. सरकारी जागेसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान आवश्यक, मराठीचे इष्ट. आपल्या सत्तरीतल्या मुलाकडे यांतल्या शेवटच्या तिन्ही गोष्टी बहुधा आपसूकच असतात, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

एक गोष्ट अप्रिय आहे, तरी लिहिते. मुलांना या पेशापासून सर्वांत जास्त कोण दूर करत असेल तर आपणच. मतदार यादीचे काम, यूडायस या सरकारी नोंदणीत भरायची शाळेची माहिती, रोज येणारी परिपत्रके यांचा वैताग खरा आहे आणि तो संघटनेत, बैठकीत, खात्याकडे जोरात मांडला पाहिजे. पण तोच वैताग वर्गात ‘काहीही व्हा, मास्तर तेवढे होऊ नका’ अशा विनोदाच्या रूपात बाहेर पडतो, आणि मुले विनोदातले खरे तेवढे उचलतात. स्टाफरूमचे दार उघडे असते, मुले वह्यांचे गठ्ठे घेऊन आत-बाहेर करत असतात. त्याच मुलांनी कधीतरी दोन शिक्षकांना ‘अपूर्णांकांचा भागाकार यंदा कसा घेतलास?’ यावर वाद घालताना ऐकले, तर ते कोणत्याही समुपदेशनापेक्षा अधिक काम करते. असा वाद तुमच्या शाळेत होत नसेल तर तो सुरू करण्याची जबाबदारी, तुम्ही वयाने लहान असलात तरी, तुमच्यावर येते.

तुम्हाला यंदाच सुरुवात करायची असेल तर दहावीच्या वर्गाचा नाद सोडा आणि नववीतली सहा-सात मुले घ्या. जुलैत जवळच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून आणि भागशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र देऊन ठेवा. परवानगीला वेळ लागतो. प्रत्यक्ष तास चतुर्थीच्या सुट्टीनंतर सुरू करा, कारण त्याआधी मुलांचे लक्ष माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-फुलांची सजावट) आणि आरत्यांकडे असते आणि दोन आठवड्यांत खंड पडला की लहान मुलांशी जुळलेले सूत तुटते. दिवाळीपर्यंत सातांपैकी तीन टिकले तरी पुरेसे आहेत. त्या तिघांच्या पालकांना एकदा प्राथमिक शाळेत बोलावून आपले मूल शिकवताना पाहू द्या, आणि पगार-पात्रतेची माहिती त्यांना त्यानंतर, त्याच दिवशी द्या.